ज्ञापन दिल्लीपर्यंत पोचवायचं कसं? केंद्राच्या कायद्यांवर स्त्रियांच्या सूचना देण्याची पद्धत

इंदूरमध्ये बायकांच्या हक्कांचा एखादा विषय तापला की पुढचा क्रम ठरलेला असतो. महिला मंडळाची तातडीची बैठक, राष्ट्रपतींच्या नावे ज्ञापन, म्हणजे निवेदन, मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत अधिकाऱ्याच्या हाती कागद, त्याचा फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. यातून निषेध नोंदला जातो आणि तो नोंदवायलाच हवा. पण ज्या मसुद्यावर दिल्लीत काम चालू असतं, त्याच्या फायलीला हा कागद सहसा लागत नाही. तिथे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पत्त्यावर, ठरावीक कलमावरचं लेखी म्हणणं मागितलेलं असतं. आपण पाठवलेलं असतं मनोगत.

हे लेखी म्हणणं तयार करायला वकील लागत नाही. रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या दहा-बारा जणींच्या मंडळाला ते जमतं. पुढचे टप्पे समजायला एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: पाळणाघर. परदेशीपुरा किंवा सांवेर रोडच्या शिलाई युनिटात मशीनवर बसणाऱ्या बाईला मूल झालं की काम सुटतं, कारण मूल ठेवायला जागा नाही. कायद्यात पाळणाघर आहे, पण ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेसाठी. तिचं युनिट त्याहून लहान.

## टप्पा १: प्रश्न कोणाच्या हातात आहे ते आधी ठरवा

निम्मी मेहनत इथेच वाया जाते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषय तीन याद्यांत वाटलेले आहेत. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. विवाह, घटस्फोट, फौजदारी कायदा आणि कामगार हे विषय समवर्ती यादीत, म्हणजे दोघांकडे. मागणी लिहिण्याआधी ती या चाळणीतून काढा:

- लाडली बहना योजनेचा हप्ता किंवा निकष: राज्याची योजना, कागद भोपाळला.
- कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा संरक्षण अधिकारी जागेवर नसतो: कायदा २००५ चा आणि केंद्राचा, पण अधिकारी नेमायचं काम त्याच कायद्याने राज्य सरकारवर टाकलंय. नेमणूक हवी तर भोपाळ, कायद्याची भाषा बदलायची तर दिल्ली.
- अंगणवाडी कार्यकर्तीचं मानधन: केंद्राचा वाटा वेगळा, राज्याची भर वेगळी. दोन वेगळी पत्रं लिहा.
- ठाण्यात तक्रार घेतली नाही: हे धोरण नव्हे, एका बाईची तक्रार आहे. तिला आज मदत हवी. तिला पोलीस आयुक्त कार्यालयात किंवा सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांच्या सरकारी मदत केंद्रात, न्या. तिचं प्रकरण धोरणाच्या कागदात घुसडू नका.
- पाळणाघराची अट: सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, कलम ६७. केंद्राचा कायदा, श्रम मंत्रालय.

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. बायका-मुलांचा विषय म्हणून सगळे कागद महिला व बालविकास मंत्रालयाला जातात. पण नोकरीच्या जागेवरचं पाळणाघर श्रम मंत्रालयाचं, आणि केंद्राच्या मिशन शक्ती कार्यक्रमातली 'पालना' योजना, म्हणजे अंगणवाडीला जोडलेलं पाळणाघर, महिला व बालविकासची. चुकीच्या मंत्रालयाकडे गेलेला कागद पुढे सरकवला जातो खरा, पण तोवर मुदत संपते.

तपासा: मागणीपुढे कायद्याचं नाव, वर्ष, कलम आणि मंत्रालय या चार गोष्टी लिहिता आल्या का? एकही रिकामी राहिली तर टप्पा २ वर जाऊ नका.

## टप्पा २: आत्ता कोणतं दार उघडं आहे?

केंद्राचा कायदा घडताना म्हणणं मांडायची दारं वेगवेगळ्या वेळी उघडतात. विधेयक संसदेत मंजूर व्हायला आलं की टीव्हीवर चर्चा सुरू होते आणि मंडळंही तेव्हाच जागी होतात. नेमक्या त्या आठवड्यात एकही दार धड उघडं नसतं.

मंत्रालयाचा मसुदा. केंद्र सरकारचं २०१४ चं विधिपूर्व सल्लामसलत धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. सोबत तो का आणला, खर्च किती, लोकांच्या हक्कांवर आणि रोजीरोटीवर परिणाम काय, हेही द्यावं. हे धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे कधी मुदत कमी मिळते, कधी मसुदा बाहेर येतच नाही. आला तर पहिल्या दिवसापासून कामाला लागा.

संसदेची स्थायी समिती. विभागांशी संलग्न अशा २४ समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. विधेयक समितीकडे गेलं की ती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लेखी सूचना मागवते. मुदत साधारण पंधरा दिवसांची असते. जाहिरात लहान असते आणि टेंडर नोटिशींच्या गर्दीत सापडते. महिला व बालविकास मंत्रालयाचे विषय शिक्षण, महिला, बालके, युवक आणि क्रीडा यांच्या समितीकडे जातात, श्रमाचे विषय श्रमाच्या समितीकडे.

महिला सक्षमीकरण समिती. ही संसदेचीच पण वेगळी, ३० सदस्यांची. विधेयकं तपासणं हे तिचं काम नाही. योजना कशा चालतात ते ती बघते. 'पालना' कागदावर आहे पण मोहल्ल्यात नाही, असं म्हणायचं असेल तर जागा ही.

नियमांचा मसुदा. सगळ्यात दुर्लक्षित दार. कायदा झाला म्हणून मंडळं फाइल बंद करतात, आणि खरा तपशील तर नियमांत ठरतो: किती कर्मचारी, किती अंतर, कोणता फॉर्म, किती दिवस. जिथे कायदाच आधी मसुदा प्रसिद्ध करायला सांगतो, तिथे नियम राजपत्रात येतात आणि हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते, बहुधा ३० किंवा ४५ दिवस.

पाळणाघराचं उदाहरण इथेच वळण घेतं. कलम ६७ ची भाषा '५० कर्मचारी, किंवा केंद्र सरकार नियमांनी ठरवेल ती संख्या' अशी आहे. म्हणजे ५० चा आकडा खाली आणायला संसदेत दुरुस्ती विधेयक आणायची गरज नाही, नियम पुरतो. हे न वाचता 'कायदा बदला' अशी मागणी केली तर आपणच आपलं काम दसपट अवघड करून घेतो.

अर्थसंकल्प. बजेट १ फेब्रुवारीला येतं आणि सूचना जानेवारीत सुचतात. तोवर मंत्रालयांचे आकडे ठरून गेलेले असतात. योजनेसाठी पैसा मागायचा तर पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात जायला हवं.

सावधान: प्रलंबित विधेयकाचं भवितव्य ते कुठे अडकलंय यावर असतं. मुलींच्या लग्नाचं वय २१ करणारं २०२१ चं विधेयक स्थायी समितीकडे गेलं, आणि सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं. त्यावर आज सूचना पाठवण्यात अर्थ नाही. लिहायला बसण्याआधी संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाची स्थिती बघा. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पानावर सोपा सारांशही मिळतो.

## टप्पा ३: दिवस मोजून वाटून घ्या

३० दिवसांची मुदत असेल तर अशी वाटणी चालते: पहिले ३ दिवस वाचन, पुढचे ७ पुरावा, ६ दिवस लेखन, ४ दिवस हिंदी, ३ दिवस तपासणी आणि सह्या. चोविसाव्या दिवशी कागद बाहेर पडला पाहिजे. उरलेले दिवस ई-मेल परत आला, पोस्ट अडकली, एखादीची सही राहिली यासाठी. पंधरा दिवसच असतील तर पुरावा नव्याने गोळा करू नका, हाताशी आहे तो वापरा.

दिवस कधीपासून मोजायचे ते सूचनेतच लिहिलेलं असतं: जाहिरात छापल्यापासून, की राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्यापासून. हे दोन दिवस वेगळे असू शकतात. संशय असेल तर आधीची तारीख धरा.

वाचन तिघींनी करावं आणि तिघींनी वेगवेगळं करावं. एकीने व्याख्यांचं कलम वाचावं, कारण 'कर्मचारी', 'आस्थापना', 'कुटुंब' या शब्दांत कोण मोडतं आणि कोण गळतं ते तिथेच कळतं. दुसरीने मूळ कलम. तिसरीने 'विहित केल्याप्रमाणे' हे शब्द जिथे जिथे येतात त्या जागा पेन्सिलीने खुणवाव्यात. पुढे नियम तिथे येणार आहेत.

एक नेहमीची चूक: कलम ६७ मधले ५० म्हणजे ५० बायका असं समजलं जातं. ती एकूण कर्मचाऱ्यांची संख्या आहे, पुरुष धरून. उलट १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४८ होतं, त्यात '३० पेक्षा जास्त स्त्री कामगार' अशी अट होती. दोन्हींची गल्लत झाली की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळतं की यांनी कायदा वाचलेला नाही.

## टप्पा ४: पुरावा गोळा करा, आणि त्याची मर्यादा लिहा

दोन प्रकारचा पुरावा लागतो. पहिला सरकारचाच. स्वतःचा आकडा मंत्रालयाला नाकारता येत नाही. वेळवापर सर्वेक्षण २०२४ नुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. पाळणाघराच्या युक्तिवादाला हा आकडा पुरेसा आहे.

पण आकडा कोणत्या पातळीचा आहे ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं मिळतात, इंदूरचंही मिळतं. त्यात बालविवाहाचा आकडा सापडतो, पण नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचा जिल्ह्याचा आकडा नसतो. ते प्रश्न निवडक घरांतच विचारले जातात, म्हणून तो आकडा राज्यापुरता आहे. २०१९-२१ च्या फेरीत देशाचा आकडा २९.३ टक्के होता. तो उचलून 'इंदुरातल्या २९ टक्के बायका' असं लिहिलं तर सगळा कागद संशयात येतो. गुन्हे नोंदणी ब्यूरोच्या आकड्यांचंही तेच. ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत. नोंद वाढली म्हणजे हिंसा वाढली असं परभारे म्हणता येत नाही, कदाचित बायका ठाण्यात जायला लागल्या असतील.

दुसरा पुरावा आपला. २५-३० जणींशी बोललात तरी चालतं, फक्त प्रश्न सगळ्यांना तेच विचारा. पाळणाघरासाठी पाच पुरतात:

१. युनिटात एकूण किती माणसं काम करतात?
२. सहा वर्षांखालची मुलं किती, आणि कामाच्या वेळात ती कोणाकडे असतात?
३. त्यासाठी महिन्याला किती पैसे जातात?
४. मुलामुळे गेल्या वर्षात किती दिवस खाडा झाला?
५. पाळणाघर किती मिनिटांच्या अंतरावर असलं तर वापराल?

पाचवा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण अंतर नियमात ठरतं. 'जवळ हवं' याचा नियम करता येत नाही, 'चालत दहा मिनिटं' याचा येतो. चौथ्या प्रश्नाला घाईने उत्तर घेऊ नका. 'खाडा नाही हो, सासू बघते' असं म्हणणारी बाई थोड्या वेळाने सांगते की सासू गावाला गेली तेव्हा महिनाभर ती आलीच नव्हती.

कागदावर लिहिताना: 'सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रातल्या अमुक युनिटांतील २८ स्त्रियांशी अमुक तारखांना प्रत्यक्ष बोलून' असं. टक्केवारी काढू नका. '२८ पैकी १९' हे जास्त खरं वाटतं, आणि असतंही.

सावधान: लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. कामाच्या जागी झालेल्या लैंगिक छळाच्या तक्रारीचा तपशील प्रसिद्ध करायलाही २०१३ च्या कायद्यात मनाई आहे. नाव बदललं पण कंपनी, वय आणि मोहल्ला लिहिला, तर शेजारी ओळखतातच.

## टप्पा ५: चार रकाने

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सूचना वाचणारा अधिकारी शेकडो कागद कलमवार लावत असतो. आपला कागद कलमवार नसेल तर तो 'सर्वसाधारण' गठ्ठ्यात जातो. म्हणून सुरुवातीला पाच-सहा ओळींत आपण कोण आणि काय मागतो ते लिहा, आणि मग तक्ता. रकाने चार: कलम किंवा नियम क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण.

पाळणाघराची एक ओळ अशी भरेल.

कलम: सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, कलम ६७ खालील नियम.

सध्याचे शब्द: पन्नास कर्मचारी. (मसुद्यातलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. आपल्या शब्दांत सांगू नका.)

सुचवलेले शब्द: 'तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सुविधा असेल, तसेच एकाच औद्योगिक क्षेत्रातील तीसहून कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, त्यांचे एकत्रित कर्मचारी तीस किंवा अधिक असल्यास, सामायिक पाळणाघराद्वारे ही सुविधा देता येईल.'

कारण: शिलाईची लहान युनिटं ५० च्या खाली राहतात, आणि बायका तिथेच जास्त आहेत. कलम ६७ स्वतःच सामायिक सुविधेला मुभा देतं, त्यामुळे नियम मूळ कायद्याच्या बाहेर जात नाही. २८ पैकी १९ स्त्रियांनी अमुक सांगितलं. खर्च: एका मुलामागे महिन्याचा अंदाज × मुलं × १२.

तिसरा रकाना रिकामा ठेवून चौथ्यात दोन पानं लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे. 'योग्य ती सुधारणा करावी' म्हणजे तिसरा रकाना रिकामाच. शब्द सुचवायला आपण कोण, असा संकोच वाटतो. तो सोडा. मंत्रालय आपले शब्द तसेच घेणार नाही, पण आपल्याला नेमकं काय हवंय ते त्यावरूनच कळतं.

खर्चाची ओळ वगळू नका. अर्थ मंत्रालयाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर दुसरं कोणी तरी फुगवून देतं. योजनेच्या पैशाबद्दल लिहिताना बजेटच्या खर्च प्रोफाइलमधलं १३ क्रमांकाचं विवरणपत्र, म्हणजे जेंडर बजेट, काढा. त्यात पूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना भाग अ मध्ये, ३० ते ९९ टक्के वाट्याच्या भाग ब मध्ये आणि ३० टक्क्यांखालच्या भाग क मध्ये असतात. तळाची बेरीज भली मोठी दिसते, तिच्यावर भाळू नका. आपली योजना शोधा आणि मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडा. मिळालेले पैसेच खर्च झाले नसतील तर 'निधी वाढवा' ही मागणी टिकत नाही. का खर्च झाले नाहीत, ते विचारा.

मागण्या तीन, फार तर पाच. एकवीस कलमी ज्ञापनातली विसावी मागणी वाचली जाते असं समजणं भोळेपणाचं आहे.

तपासा: चौथा रकाना झाकून फक्त तिसरा वाचा. मागणी तेवढ्यावरून कळते का?

## टप्पा ६: हिंदीत आणताना

संसदीय समित्या निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत मागवतात. आपण मराठीत विचार करतो आणि हिंदीत दिवसभर बोलतो, म्हणून वाटतं की हे काम तासाभराचं. पण दोन्हीकडे असलेले आणि अर्थ वेगळे असलेले शब्द इथे घात करतात:

- संशोधन: मराठीत शोधकार्य, हिंदीत कायद्यातली दुरुस्ती. 'या विषयावर संशोधन व्हावं' हे वाक्य तसंच गेलं तर तुम्ही कायदा बदलायला सांगितलात असा अर्थ होतो. तिथे 'शोध' किंवा 'अध्ययन' लिहा.
- राजीनामा: मराठीत नोकरी सोडणं, इथल्या ठाण्यात आणि कोर्टात समझोता. 'मुलामुळे तिला राजीनामा द्यावा लागला' याचं हिंदी 'त्यागपत्र' किंवा 'इस्तीफ़ा'.
- शिक्षा: आपल्याकडे दंड, हिंदीत शिक्षण.
- दखल: 'आयोगाने दखल घ्यावी' हे आपण आदराने म्हणतो. हिंदीत दखल म्हणजे ढवळाढवळ. 'संज्ञान ले' लिहा.
- आपत्ति: सूचनेत 'आपत्ति एवं सुझाव' दिसलं की दचकू नका, ती आपली हरकत.

'कामवाली बाई' बोलण्यात ठीक, कागदावर 'घरेलू कामगार'.

भाषांतर झाल्यावर मूळ मराठी न पाहिलेल्या एखाद्या हिंदीभाषक शेजारणीला ते वाचायला द्या आणि मागणी काय आहे ते तिच्याकडून ऐका.

आणि टंकलेखन. टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव चालतं. कृतिदेवातली वर्डची फाइल ई-मेलने गेली आणि समोर तो फाँट नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप करून घ्या आणि पीडीएफ करूनच पाठवा.

## टप्पा ७: ठराव, सह्या आणि याचिका

मंडळ नोंदणीकृत असेल तर कार्यकारिणीचा ठराव करून त्याचा क्रमांक पत्रात घाला. नोंदणी नसली तरी व्यक्ती म्हणून सूचना देता येतात, फक्त संस्थेचं नाव मिरवू नका. सरकारी नोकरीतल्या सभासदांनी सही करण्याआधी आपले सेवा-आचरण नियम बघावेत. त्यांनी मसुदा वाचून द्यावा, सही दुसरीने करावी.

मंत्रालयाला किंवा समितीला जाणाऱ्या कागदाला पाच-सात सह्या पुरतात. हजारो सह्या लागतात असं वाटतं ते लोकसभेच्या याचिकेमुळे, आणि तिथेही संख्येपेक्षा रीत महत्त्वाची. याचिका सभागृहाला उद्देशून, ठरलेल्या नमुन्यात लिहायची. प्रत्येकीचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही, सही येत नसेल तर अंगठा. निदान एक सही याचिकेचा मजकूर असलेल्या पानावरच हवी, आणि सह्या पुढच्या पानांवर गेल्या तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहायची. हळदीकुंकवाला वहीचे कोरे ताव फिरवून सह्या गोळा केल्या तर ते ताव बाद. याचिकेला पत्रं, शपथपत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. न्यायप्रविष्ट विषयावर याचिका करायची नाही. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं. खासदारामार्फत मांडायची असेल तर त्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायची.

## टप्पा ८: पाठवणं

ई-मेलच्या विषयात अधिसूचनेचा क्रमांक लिहा. मसुदा नियमांवर राजपत्रातला हा क्रमांक 'सा.का.नि.' किंवा इंग्रजीत जी.एस.आर. या अक्षरांनी सुरू होतो. 'महिलांच्या मागण्या' एवढंच लिहिलेली ई-मेल कोणत्या फायलीत लावायची ते कोणालाच कळत नाही. ई-मेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा आणि पावती जपा. समितीला सहसा दोन प्रती लागतात, त्या सचिवालयाच्या दिलेल्या पत्त्यावरच जाव्यात, अध्यक्षांच्या बंगल्यावर नव्हे. समितीपुढे प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर ते त्याच पत्रात लिहा. मागाहून कोणी विचारत नाही.

सावधान: समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग बनतं, गोपनीय मानलं जातं आणि त्याला संसदेच्या विशेषाधिकाराचं संरक्षण असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं, पत्रकारांना देणं, फेसबुकवर फोटो लावणं टाळा. ज्ञापनाच्या फोटोची सवय इथे अंगाशी येते. मंत्रालयाला दिलेल्या सूचनांवर असं बंधन नाही.

## टप्पा ९: खासदाराकडे काय घेऊन जायचं

आधी खासदार कोण ते बघा. महू इंदूर जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला तो धार मतदारसंघात मोडतो. तिथल्या सभासदांनी धारच्या खासदारांकडे जावं. एकाच मागणीसाठी दोन खासदार मिळत असतील तर बरंच झालं. मध्य प्रदेशचे राज्यसभेत ११ सदस्य आहेत, त्यांच्यापैकी कोणालाही भेटता येतं.

'आमचा मुद्दा संसदेत मांडा' असं म्हणून उठू नका. लिहून तयार असलेला प्रश्न द्या. लोकसभेचा प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा आणि त्याची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणून अधिवेशन सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी, खासदार इंदुरात असताना भेटा. नमुना:

'क्या श्रम और रोजगार मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि: (क) सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० की धारा ६७ के अंतर्गत क्रेच की सुविधा देने वाले प्रतिष्ठानों की राज्य-वार संख्या कितनी है, (ख) क्या सरकार का विचार पचास से कम कर्मचारियों वाले प्रतिष्ठानों को इसमें लाने का है, और (ग) यदि हां, तो तत्संबंधी ब्यौरा क्या है और यदि नहीं, तो इसके क्या कारण हैं?'

लोकसभेत तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारे, प्रश्न रोज २० आणि अतारांकित २३०. अतारांकितचं उत्तर लेखी मिळतं, आणि आपल्याला तेच हवं. 'मामला विचाराधीन है' असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका. असं उत्तर आश्वासन म्हणून नोंदलं जाऊ शकतं, आणि ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावं अशी अपेक्षा असते. त्यावर नजर ठेवायला सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे.

प्रश्नाऐवजी लोकसभेच्या नियम ३७७ खाली विषय मांडायचा असेल तर मजकूर २५० शब्दांच्या आत बसवून द्या.

## टप्पा १०: पाठपुरावा

२०१४ च्या धोरणानुसार मंत्रालयाने आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर ठेवायला हवा. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराला ३० दिवस. अर्जात तीनच गोष्टी मागा: अमुक क्रमांकाच्या मसुद्यावर किती सूचना आल्या, त्यांच्या सारांशाची प्रत, आणि आमच्या अमुक तारखेच्या सूचनेवरची टिप्पणी. 'का मान्य केलं नाही?' असं विचारू नका. कारण मागणारा प्रश्न माहिती नाही म्हणून परत येतो, टिप्पणीची प्रत ही माहिती असते. विषय मंत्रिमंडळापुढे असताना अर्ज केला तर बहुधा नकार येतो. निर्णय होऊन गेल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. समितीकडे कोणी काय लिहून दिलं ते मात्र या वाटेने मिळत नाही.

समितीचा अहवाल आला की आपला मुद्दा त्यात आहे का ते शोधा. शिफारशींवर काय केलं ते सरकारने तीन महिन्यांत कळवायचं असतं. त्या तारखेला वहीत खूण करा, आणि तेच पान उघडून पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न लिहायला बसा.